जास्त पळाली म्हणून हरली

ओहायो
सोमवार, रात्रीचे साडेदहा

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. ताई, भावजींना नमस्कार सांग, पोरींना पापा.

आप्पा, काल फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "काय तुटलं?" आणि मी तीनदा ओरडून सांगितलं, "क्रॉस!" चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, "बॉस? कुठला बॉस?" शेवटी ताईनं फोन घेतला आणि म्हणाली, कानातलं यंत्र ते डबीतच ठेवतात, तू आपला लिहून पाठव. म्हणून हे पत्र. (ताई, क्रॉस म्हणजे गाडीच्या शाफ्टला जोडणारा चार दांड्यांचा लोखंडी सांधा.) तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बेळगावात उद्यमबागला दुकानात जायची बंदी आहे, कोल्हापुरात ताईच्या गॅलरीत बसून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून (जेवढे ऐकू येतात तेवढे) कुणाचा सायलेन्सर फुटलाय ते सांगत असता असं कळलं. तेव्हा वाचायला वेळ आहे. ताई, तू मोठ्यानं वाच. मध्ये एक परिच्छेद आईसमोर वाचायचा नाही, तिथं मी खूण करतो.

आधी आम्ही काय उद्योग करतो ते नीट सांगतो, कारण आईला अजून वाटतं की मी सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी गॅरेजात कामाला जातो. तसं नाही आई. पगार मिळत नाही, उलट खिशातले जातात.

सरळ रस्ता. पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपले ४०२ मीटर. तिसऱ्या गेटापासून तुम्ही सायकल हाणत पहिल्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचात तेवढाच असेल. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि दिवा लागला की सुटतात. वळण नाही, चढ नाही. बारा सेकंदांत खेळ खलास. याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. पूर्वी सुटताना माणूस मध्ये उभा राहून झेंडा पाडायचा, आपल्या यात्रेतल्या शर्यतीत पाडतात तसाच. १९६३ पासून त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला हे लोक ख्रिसमसचं झाड म्हणतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानं लागत खाली येतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल. लाल लागला की घरी.

आम्ही चौघं आहोत. गाडी एका म्हाताऱ्याची, १९७२ ची शेवरलेट नोव्हा. हा म्हातारा आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये होता, त्यामुळं त्यालाही तुमच्यासारखंच ऐकू येतं. दोघांना एकत्र बसवलं तर गल्लीला कळेल. गाडी चालवते त्याची मुलगी, ती दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी करून ट्रॅकवर येते. तिसरा आपला धारवाडचा. तो माझ्याच ऑफिसात आहे. चौथा मी. माझ्याकडं काम काय, तर आकडे. हवा किती गरम, टायरमध्ये हवा किती, मागच्या वेळी किती सेकंद लागले, हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं आणि सांगायचं. आणि खाली झोपून पाना फिरवायचा, कारण बाकी कुणाला तेवढं वाकवत नाही.

धारवाडकराचं आणि माझं एक गमतीचं आहे. दुसऱ्या कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की आम्ही बेळगावी बोलतो. अर्धं कानडी, अर्धं मराठी, वर थोडं कुठलंच नाही असं. एक नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या राज्योत्सवाला आणि आपल्या काळ्या दिवशी, तो सकाळी सकाळी लाल-पिवळा झेंडा फोनवर पाठवतो, मी त्याला काळा चौकोन पाठवतो, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातलं जेवतो. गावाकडं असतो तर पाटीवरची अक्षरं बघून एकमेकांच्या दुकानात पाय टाकला नसता.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो. ट्रॅक दोन तासांवर, भोवती सगळी मक्याची शेतं. तासाभरानं ट्रेलरचं टायर फुटलं. सुटं टायर होतं, पण त्यात हवा नव्हती. पंप होता, पण त्याची वायर गाडीच्या प्लगपासून ट्रेलरपर्यंत पोहोचत नव्हती. मला तवंदी घाटातली ती रात्र आठवली, निपाणीच्या तंबाखूचा ट्रक बंद पडला होता आणि तुम्ही मला बॅटरी धरायला लावून गाडीखाली शिरला होता. मी सातवीत असेन. बॅटरी हलली की खालून आवाज यायचा, "कुणाचं तोंड बघायलास? उजेड हिकडं!" इथं उजेड धरायला मोबाईल होता आणि ओरडायला म्हातारा. शेवटी टायर काढून पुढं गाडीपाशी घरंगळत नेलं, हवा भरली, परत आणलं. ट्रॅकवर पोहोचायला रात्रीचा एक वाजला.

शनिवारी सकाळी तपासणी. प्रत्येक गाडी रांगेत लावायची आणि एक जण खाली-वर बघून पास करतो. हे लोक गोड बोलतात पण सोडत नाहीत. आमचं हेल्मेट नापास झालं. हेल्मेटच्या आत सालाचा शिक्का असतो, ते साल जुनं झालं की वरून हेल्मेट कितीही चकचकीत असो, चालत नाही. मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि आमच्याकडं बघितलं. इथं थंडीत पाणी गोठतं म्हणून रेडिएटरमध्ये हिरवं औषध घालतात. पण ते ट्रॅकवर सांडलं तर साबणापेक्षा निसरडं, म्हणून शर्यतीला नुसतं पाणी पाहिजे. उन्हाळा लागल्यावर ते काढायचं काम माझ्याकडं होतं. मी धारवाडकराकडं बघितलं, त्यानं आभाळाकडं बघितलं. बादली लावली, सगळं उपसलं, नळाचं पाणी भरलं. हेल्मेट शेजारच्या तंबूतल्या माणसानं दिलं. त्याच्याकडं एक जुनी, पिकअपसारखी मागं उघडी गाडी होती, तीही त्याच गटात धावणार होती. म्हणजे उद्या आमच्यासमोर तोच उभा राहू शकला असता. तरी दिलं. या माणसाला लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे.

शनिवारी चाचणीची पहिली फेरी १२.३१ सेकंद. ऊन मरणाचं होतं, हवा पातळ, इंजिनाला दम पुरत नव्हता. ३५० घनइंचाचं इंजिन, म्हणजे ५.७ लिटर. दादाच्या मारुती ८०० ची सात इंजिनं त्यात मावतील. शेवटच्या टोकाला ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा वेग होता. ताई, ही ओळ आईसमोर आली वाटतं, राहू दे.

आता मुख्य गोष्ट. आप्पा, चष्मा लावा.

दुसऱ्या फेरीला गाडी रेषेवर आली. आधी मागची चाकं पाण्यात भिजवून जागेवरच फिरवतात, धूर निघतो, रबर तापून चिकट होतं. ही टायरं गुळगुळीत असतात, एक रेघ नाही त्यावर, आणि हवा इतकी कमी की भिंत चुरगळलेली दिसते. खालच्या रस्त्यावर डिंकासारखं औषध फवारलेलं असतं. त्यावरून चालताना माझी चप्पल तिथंच राहिली आणि मी पुढं गेलो, इतकं चिकट. दिवे उतरले, तिनं पाय सोडला, गाडीनं नाक उचललं आणि खालून खण्ण असा आवाज आला. लोखंडी पहार फरशीवर टाकल्यासारखा. मग इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि गाडी चार हात जाऊन थांबली.

मला आवाजावरनंच कळलं. उसाच्या हंगामात संकेश्वरकडून यायचे ते ट्रॅक्टर आठवले, दोन-दोन ट्रॉल्या लावून चढाला क्लच सोडला की हाच आवाज, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दुकानासमोर प्रोपेलर शाफ्ट (ताई, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारी लांब नळी) खांद्यावर घेऊन ड्रायव्हर उभा. पुढचा क्रॉस. गिअरबॉक्सच्या शेपटापाशी असतो तो.

ताई, इथून पुढचा परिच्छेद मनातल्या मनात वाच आणि आप्पांना नंतर सांग.

पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं तोंड खाली पडतं, आणि गाडी पुढं जात असली तर ते जमिनीत रुतून गाडीला बांबूउडीसारखं उचलू शकतं. म्हणून त्या जागी शाफ्टभोवती लोखंडी कडं बसवायचा नियम आहे. आमच्याकडं ते होतं. शाफ्ट त्या कड्यात पडला, कड्याला दोन पोचे आले, वरच्या पत्र्यालाही एक. सीटपासून तो पत्रा वीतभर लांब. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आज रात्री मला पाळी नाही, बरं झालं." एवढंच. इथले नियम एकेका अपघातातून आलेत असं म्हातारा सांगतो. सगळ्यांत मोठ्या गाड्यांची शर्यत तर आता १३२० फुटांची नसतेच. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत स्कॉट कलिटा हा चालक गेला, त्यानंतर त्या गाड्यांचं अंतर १००० फुटांवर आणलं.

झालं. आता मोठ्यानं.

नशीब एवढंच की क्रॉसचा पुढचा कान गिअरबॉक्समधून निसटला नाही, नाही तर सगळं तेल ट्रॅकवर आलं असतं. मग ट्रॅक बंद, पुसापुशी, आणि रांगेतल्या शंभरभर लोकांनी आमच्याकडं बघत उभं राहायचं. ती वेळ आली नाही. गाडी ढकलत तंबूत आणली.

तुटलेला क्रॉस मी हातात घेतला. आप्पा, तुम्ही शिकवलंय तसं आधी तोंड बघितलं. चार दांड्यांपैकी एक मुळापासून गेली होती. तुटलेल्या जागी अर्ध्याहून थोडा कमी भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. उरलेला भाग चकचकीत, खडबडीत, खडीसाखर फोडल्यासारखा. म्हणजे तुकडा शनिवारी पडला, पण चीर कधीची आत शिरली होती. आणि त्या रेघा जिथून सुरू होत होत्या ती जागा मी नखानं चाचपली. दांडीच्या पोटातलं ग्रीसचं भोक.

आता बोलतो. हा क्रॉस मी बसवला होता. गेल्या थंडीत. दुकानात दोन प्रकारचे होते, एक ग्रीस निपलवाला, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायची तोटी असलेला, आणि एक भरीव, निपल नसलेला. म्हातारा म्हणाला, भरीव घे. मी म्हणालो, नाही, माझे वडील चाळीस वर्षं हेच काम करतात, निपल नसलेला क्रॉस म्हणजे मुसकं बांधलेला बैल, त्याला खायला कसं घालणार? हे तुमचंच वाक्य. मी त्याचं इंग्रजी करून म्हाताऱ्याला ऐकवलं. बैल म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, बस मग तुझा बैल.

शनिवारी तो काही बोलला नाही. शेजारचा बोलला. म्हणाला, निपलवाल्याच्या पोटात ग्रीस जायला भोकं पाडलेली असतात, तेवढं लोखंड कमी. ट्रकला चालतं. तो लाख किलोमीटर फिरतो, त्याला पाणी लागतं, चिखल लागतो, ग्रीस नाही मिळालं तर आतल्या बेअरिंगच्या सुया जळतात. ही गाडी वर्षात सगळी मिळून वीस किलोमीटर धावत नाही. झिजून मरायला तिला वेळच नाही. तिला मारतो तो पहिला धक्का. रस्त्यावर जोर जास्त झाला तर चाक घसरतं आणि धक्का वाया जातो. इथं टायर चिकट, जमीन चिकट, चाक घसरतच नाही. मग तो धक्का कुणीतरी खायचाच.

मी गप्प. धारवाडकर माझ्या कानाशी म्हणाला, "एनातो माराया, निन्न एत्त सत्तेनु?" म्हणजे, काय झालं बाबा, तुझा बैल मेला काय.

तोपर्यंत सात वाजले होते आणि जवळची पार्टची दुकानं बंद व्हायला आलेली. फोन केले, आमच्या मापाचा क्रॉस कुठंच नाही. परत तो शेजारीच आला. त्याच्या डब्यात एक होता, भरीव, आमच्याच मापाचा. पैसे घेईना. म्हणाला, उद्या माझ्यासमोर आलात तर हरा म्हणजे झालं.

रात्री दहाला त्याच्या ट्रेलरच्या फळीवर व्हाइस ठोकून काम सुरू झालं. शाफ्टच्या कानाला आतून ओरखडा पडला होता, तो अर्धगोल कानशीनं हलक्या हातानं काढला. मग क्रॉसच्या दांड्यांच्या टोकांवर बसणारे कप दाबायला घेतले. एका बाजूला लहान गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला मोठी, मध्ये शाफ्टचा कान, आणि व्हाइस आवळत जायचं. तीन कप बसले. चौथा बसेना. कपाला जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपची खाच अर्धी दिसायची, अर्धी कपाखाली. म्हातारा म्हणाला, अजून आवळ. धारवाडकर हातोडा घेऊन आला. मी पण आवळलं, खोटं कशाला सांगू. खाच तेवढीच.

मग मी थांबलो. कप परत बाहेर काढला, मोबाईलचा उजेड आत धरला. कपाच्या आत भिंतीला लावून सुया उभ्या असतात, सैनिकांसारख्या, दाटीनं. त्यातली एक नव्हती. ती तळाशी आडवी पडली होती. काडेपेटीतल्या काडीएवढी जाड, लांबी पेरभर. तिच्यावर क्रॉसची दांडी बसत होती आणि सगळा कप तेवढाच वर राहत होता. धारवाडकरानं डोकं घातलं आणि ओरडला, "सूजी बिद्दैती नोडो!" त्या अंधारात अमेरिकेतल्या मक्याच्या शेतात कानडीत सुई पडल्याची बातमी, आप्पा, मला एकदम आपल्या दुकानातल्या भट्टीवाल्या मामांचा आवाज आल्यासारखं झालं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कपात घट्ट ग्रीस बोटानं लावायचं, सुया एकेक करून त्यात उभ्या चिकटवायच्या, शेवटची सुई दाटून बसली पाहिजे, सैल बसली तर एक कमी आहे समजायचं आणि जमीन शोधायची. तुम्ही हे करताना बिडी तोंडात ठेवायचा आणि श्वाससुद्धा नाकानं सोडायचा. मी चवथीत असल्यापासनं ते बघतोय. हात आपोआप झाले. म्हातारा शेजारी बसून बघत होता. कप बसला, सर्क्लिप टक्कन आत गेली, शाफ्ट दोन्हीकडं अडखळल्याशिवाय फिरला. तेव्हा तो म्हणाला, तुझ्या बापानं हे मात्र बरोबर शिकवलंय.

"हे मात्र" असं म्हणाला तो. मी तसंच्या तसं लिहितोय.

झोपायला दोन वाजले. रविवारी सकाळी सहाला पाऊस. ट्रॅक ओला असला की गाडी सुटत नाही, थेंब पडला की सगळं बंद. मग पाऊस थांबायचा, वाळवायची यंत्रं फिरायची, ट्रॅक वाळत आला की परत थेंब. असं दुपारी तीनपर्यंत. तंबूत बसून धारवाडकराची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. त्याच्या आईनं महिन्यापूर्वी पाठवलेली भाकरी अजून पापडासारखी कुरकुरीत. शेजाऱ्याला दिली. त्यानं आधी वाजवून बघितली, मग खाल्ली, मग चटणीचा डबा स्वतःकडं ओढून घेतला. क्रॉसची किंमत अशी फिटली. आई, तू पाठवलेली मेतकूट-पोह्यांची पुडी मात्र मी कुणाला दाखवली नाही.

चारला फेऱ्या सुरू झाल्या. आता आई, तू कालपासून विचारतेयस ते सांगतो, "जिंकत होता म्हणतोस आणि हरलो म्हणतोस, म्हणजे काय?"

आमच्या गटात नवी गाडी, जुनी गाडी, हळू, जोरात, सगळ्या एकत्र. मग न्याय कसा करायचा? तर प्रत्येकानं आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर लिहायचं, बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं. माझी १२ सेकंद, तुझी १४, तर तुला दोन सेकंद आधी सोडणार. दोघं बोलल्याप्रमाणं धावले तर शेवटच्या रेषेवर एकत्र पोहोचायचे. पण कुणी मुद्दाम जास्त वेळ लिहून फायदा घेऊ नये म्हणून वर नियम असा, की लिहिलंय त्यापेक्षा कमी वेळात पोहोचलास तर हरलास. आपल्याकडं रिकाम्या गाडीच्या शर्यतीत जोडी एका मिनिटात किती फूट पळाली ते टेपनं मोजायचे, जास्त पळाली तिला बक्षीस. इथं बैलाचा मालक आधीच सांगणार माझी जोडी एवढेच फूट पळेल, आणि चार फूट जास्त पळाली की बाद. मला स्वतःला हे पटायला एक हंगाम गेला.

पावसानंतर एक चाचणीची फेरी दिली, त्यात नव्या क्रॉसवर जपून सोडली, १२.१९. मग खऱ्या शर्यतीच्या पहिल्या फेरीला १२.१५ लिहिलं. समोरच्याचा लाल दिवा लागला, त्यामुळं आम्ही जिंकलो. पण गाडी १२.१३ ला पोहोचली होती. समोरच्याचा लाल नसता तर तिथंच बाद. तो इशारा होता आणि मी तो वहीत टिपून घेतला, एवढंच केलं.

दुसऱ्या फेरीला ऊन उतरलं होतं. पावसानंतरची गार हवा, इंजिनाला अशी हवा म्हणजे बैलाला पेंड. म्हातारा म्हणाला १२.०५ लिही. मी फोनवर तापमान बघितलं, दमटपणा बघितला, आकडे घातले, उत्तर आलं १२.१०. मी म्हणालो, आकडे १२.१० सांगतात. काल क्रॉसच्या बाबतीत चुकलो होतो म्हणून मी जास्तच ठासून बोललो असेन. म्हातारा काचेपाशी गेला आणि मी सांगितलेलं लिहिलं.

समोर १४.६० वाला. अडीच सेकंद आधी सुटला. मग आमची. ती दिव्यावर त्याच्यापेक्षा चांगली सुटली, आणि शेवटी त्याला गाठून दहाएक फूट पुढं रेषा ओलांडली. आम्ही उड्या मारल्या. मी धारवाडकराला उचलला, त्याचं वजन बघता हे विशेष. आणि दिवा लागला समोरच्याच्या बाजूला. आमची १२.०८. दोन शतांश सेकंद लवकर.

रात्री बसून हिशेब केला. १२.०५ लिहिलं असतं तर कायदेशीर राहून साधारण दोन फुटांनी आम्हीच पुढं असतो. वेळेची चिठ्ठी सोबत ठेवलीये, आप्पा, तुम्ही पण करून बघा, आकडे सगळे आहेत. अनुभवी लोक रेषेपाशी शेजारची गाडी बघून हलका ब्रेक लावतात, पुढं आहोत एवढं राहिलं की बस. तिला विचारलं. ती म्हणाली, एवढं सगळं दुरुस्त केल्यावर ब्रेक लावायचा जीव झाला नाही.

म्हातारा गाडी ट्रेलरवर चढवताना मला म्हणाला, तुझ्या फोनला हवा कळते, पण ती त्यानं नाकानं कधी घेतलेली नाही. मग माझ्या हातात तो तुटलेला क्रॉस ठेवला आणि म्हणाला, बापाला पाठव, काय म्हणतो विचार.

तर विचारतो. पत्राच्या मागच्या बाजूला मी तुटलेल्या तोंडाचं चित्र काढलंय, पेन्सिलनं, खऱ्याच्या चौपट मोठं. काळा भाग आडव्या रेघांनी दाखवलाय. ग्रीसचं भोक डावीकडं आहे. शिंपल्यासारख्या रेघा भोकाच्या कडेपासून सुरू होतात असं मला दिसतंय, पण धारवाडकर म्हणतो बाहेरच्या बाजूनं, दांडी जिथं अंगाला मिळते त्या कोपऱ्यातून. तिथं गोलाई फार बारीक दिसते, जवळजवळ काटकोन. तसं असेल तर भोकाचा दोष नाही, क्रॉसच वाईट होता, आणि निपल नसलेला भरीव असता तरी गेला असता. माझं म्हाताऱ्याशी यावर अजून मिटलेलं नाही.

मूळ तुकडाही येतोय. धारवाडकर डिसेंबरात गावी चाललाय, सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणार आहे, धारवाडला जाताना दुकानात देऊन जाईल. दादाला सांगा, त्याला चहा नुसता नको, कुंदा पण द्या, आणि कन्नड बोलला तर कन्नडच बोला, माझ्यासारखं मध्येच मराठीत घसरू नका. तोवर तुम्ही चालायला लागलेले असाल. कपाटात वरच्या खणात मोठं भिंग आहे, वर्नियरच्या पेटीमागं. बाहेर उन्हात नेऊन बघा.

रेघा भोकापासून सुरू झाल्यात की कोपऱ्यापासून, तेवढं कळवा. ताईकडून लिहून घ्या, फोनवर नको.

तुमचा,
धाकटा